मागचा पिस्टन फिरवावा लागतो

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी विठूकाका भोईर गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी मांडी घालून बसले होते. चाक काढून बाजूला ठेवलेलं, झिजलेले ब्रेक पॅड फडक्यावर, आणि पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा कॅलिपर सुटा करून तारेने वर टांगलेला. त्याचा भार ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर येता कामा नये. कोन गावातली ही शेड पूर्वी लूमची, म्हणजे यंत्रमागांची होती. काकांनी उमेदीची वर्षं इथे लूम दुरुस्त करण्यात घालवली. लूम भंगारात गेले, तेव्हा त्याच शेडमध्ये त्यांनी गॅरेज थाटलं. शेजारचे लूम अजून चालतात. त्यांची खडखड भिंतीतून येत राहते आणि उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगतात. खाली बसायची त्यांना घाई नसते.

नवे पॅड जाड असतात. ते बसवायचे तर कॅलिपरमधून बाहेर आलेला पिस्टन आत सारावा लागतो. पुढच्या चाकाचा पिस्टन शिकंज्याने दाबला की जातो. या गाडीत मागच्या पिस्टनच्या पोटातच हँडब्रेकची यंत्रणा असते, म्हणून तो स्क्रूसारखा फिरवत आत न्यावा लागतो. नुसता जोर केला तर आतले आटे मोडतात. लूमच्या एका जुन्या चाकाला पिस्टनच्या खाचेत बसतील अशा दोन खुंट्या जोडून काकांनी त्यासाठी चावी घडवली आहे.

गाडी विनिता तरेची. मानकोलीच्या एका गोदामातल्या बायकांची ने-आण तिला उद्यापासून मिळाली होती. पहिल्याच दिवशी गाडी आली नाही तर काम दुसऱ्याला जाईल, असं सुपरवायझरने बजावलं होतं. ती दाराशी उभी राहून दर मिनिटाला आत डोकावत होती.

काकांनी चावी लावली. थोडं दाबायचं, थोडं फिरवायचं. हात शेजारच्या लूमच्या ठेक्यावर चालू लागला, डोळे अर्धे मिटले. भिंत पातळ होत गेली. पलीकडे ओहोटीची खाडी होती, चिखलात बसलेली बापाची होडी होती. बाप काठावर विडी ओढत होता. होडीला कोणी ढकलत नव्हतं. पाणी चढत होतं आणि होडीखालचा चिखल आपोआप सुटत होता.

बोटांनी काकांना परत आणलं. पिस्टन फिरत होता, पण आत जात नव्हता.

“काका, शिकंजा लावा ना,” विनिता म्हणाली. “एक दाब दिला की खल्लास.”

“खल्लास व्हईल, पन तुझी गाडी.”

“मग आता? उद्याचं काय?”

“जरा गप बस, पोरी. उजवीकडचा तर लोण्यासारखा गेला.”

काकांनी चावी खाली ठेवली आणि कॅलिपरमागच्या केबलवरून बोट फिरवलं. ढिली असायला हवी होती. ती लूमवरच्या ताण्याच्या सुतासारखी ताठ होती.

“हँडब्रेक कोनी वढला?”

विनिता दारातून पुढे आली. “मी. तुम्ही हात धुवायला गेलात, तेव्हा पाण्याची बाटली घ्यायला गाडीत बसले होते. तुमची शेड उतरती आहे ना. गाडी नाल्यात गेली असती तर?”

लूमच्या काळात पाणी वाहून जावं म्हणून केलेला तो उतार. इथे येणारा प्रत्येक जण बसल्या बसल्या हँडब्रेक ओढतोच.

“लोखंडी घोड्यावर उभी हाय ती,” काका म्हणाले, “पुढच्या चाकांना लाकडं लावलीत. कुठं न्हाय जात. वाईच सोड तो.”

खट्ट आवाज झाला. केबल ढिली पडली. काकांनी पुन्हा चावी लावली आणि पिस्टन कुरकुर न करता आत सरकला. त्याची खाच पॅडच्या खुंटीसमोर येईपर्यंत त्यांनी तो किंचित मागे फिरवला, मग कॅलिपर बसवून बोल्ट आवळले.

“आता पेडल मार. हळू. भसकन न्हाय.”

पहिल्यांदा पेडल तळाला गेलं आणि विनिताचा चेहरा उतरला. पाचव्या-सहाव्या दाबाला पिस्टन पॅडला भिडला आणि ते पायाखाली घट्ट झालं. चाक चढवून, गाडी उतरवून ती कल्याण रोडला एक फेरी मारून आली आणि बरोबर दारात थांबली.

उद्या गोदामाची पहिली शिफ्ट सकाळी सातला आहे. विनिताची गाडी सहा वाजता कोन नाक्यावरून निघेल.