दिवेलागणीचा तास

इथे उन्हाळ्यासाठी सप्टेंबरअखेर घड्याळं तासभर पुढे करतात आणि थंडीच्या तोंडावर, एप्रिलमध्ये मागे आणतात. हा उपद्व्याप कशासाठी, यावर आमच्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईकं हिरिरीने बोलतात. कुणाला गाईंच्या धारांची काळजी, कुणाला बार्बेक्यूची. मी काउंटरमागून मान डोलावते आणि मनातल्या मनात चडफडते.

आईला मी पुण्याहून इकडे परदेशात, रोटोटुनाला आणलं तेव्हा तिचा विसरभोळेपणा आजारावर गेला होता. दिवसा शेजारच्या बाई तिच्याजवळ बसत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी छान जमायचं. बाई पाचला नातवंडांसाठी घरी जात. मी साडेसहाला पोचायचे. मधल्या वेळात आई खिडकीशी बसून राही. उजेड असेपर्यंत ती शांत असे. दिवेलागण झाली की मात्र तिची घालमेल सुरू व्हायची. मुलं अजून बाहेर आहेत, त्यांना घरात आणायला हवं. उन्हाळाभर दिवेलागण उशिरा होई, त्या वेळी मी घरी असायचे. "सगळी आली गं," असं सांगितलं की ती देवाजवळ दिवा लावून गप्प बसायची.

एप्रिल जवळ आला तशी मला धडकी भरली. घड्याळं मागे गेली की दिवेलागण मी पोचायच्या आधीच होणार होती. तासभर लवकर सोडाल का, असं मालकाला विचारलं. एका तासाने असं काय बिघडतं, तो म्हणाला. घड्याळं मागे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातली मैत्रीण म्हणाली, "अगं, काल तासभर एक्स्ट्रा झोपले. स्वीट ॲज, एकदम मस्त." मला तिचा रागच आला.

थंडीत अंधार लवकर पडणारच, हे मलाही कळतं. पण रोज थोडाथोडा अलीकडे सरकणारा अंधार वेगळा आणि रातोरात तासभर ओढून आणलेला वेगळा.

त्या संध्याकाळी घराचं दार सताड उघडं होतं. आई कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटमध्ये अनवाणी उभी होती. गाड्या थांबल्या होत्या आणि एक ड्रायव्हर उतरून तिचा हात धरून होता. मी धावत गेले.

"बाई, माझी मुलगी दिसली का कुठे?" तिने मला विचारलं. "दिवेलागण झाली, अजून आली नाही."

"घरी आली ती," मी म्हटलं. "चला, सोडते तुम्हाला."

महिन्याभरात तिला केअर होममध्ये ठेवावं लागलं. दुसरा इलाज नव्हता, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. तिथे ऊन असतानाच पडदे ओढून सगळे दिवे लावतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळ झाल्याचं समजत नाही.

आता घड्याळं पुन्हा पुढे गेली आहेत. दुकान सुटल्यावर लख्ख उजेडात मी तिच्याकडे जाते, शेजारी बसते, हात हातात घेते. ती घेऊ देते. तिथल्या नर्सेस कौतुकाने सांगतात, आई आता अगदी शांत असतात, कुणाची वाट बघत नाहीत.