वळणापर्यंत

"मावशी, ओसाकात काय बघू?" दारात चपला घालताना भाचीनं विचारलं.

किल्ला फोटोतही दिसतो, मी म्हटलं. एखाद्या गल्लीतल्या छोट्या दुकानात जा, काहीही घे आणि वळणावरून मागे वळून बघ. मी तिथे भाजी चिरायची साधी सुरी घेतली होती. दुकानदारबाई दारापर्यंत आल्या, वाकल्या. बरंच पुढे जाऊन सहज पाहिलं, तर त्या अजून तिथेच! मला बघून पुन्हा वाकल्या.

आपल्याकडे दारातल्या गप्पा तासभर रंगतात, पण पाहुण्याची पाठ फिरली की लगेच कडी लागते. पाठमोऱ्या माणसालाही निरोप द्यायचा असतो, हे त्या शहरात कळतं.

भाची जिना उतरू लागली. वळणावर तिनं मागे पाहिलं.

मी दारातच होते.