वाढायला माणसं कुणाची

मी काय करते असं कुणी विचारलं की मी सांगते, लॉनचं काम करते. समोरचा हमखास विचारतो, "कुठल्या रोडला?" आणि लगेच पुढं, "पार्किंग आहे का?"

आमच्या सांगली-साताऱ्याकडं लॉन म्हणजे लग्न. मंगल कार्यालयाला छप्पर नसलं की त्याला लॉन म्हणायचं, मग तिथं औषधालाही गवत नसलं तरी कुणाचं अडत नाही. मी मात्र खरंखुरं गवत लावते. लोकांच्या बंगल्यापुढची जमीन खणते, खडे वेचते, लाल माती आणि शेणखत पसरते, वर गवताचे गालिचे अंथरते आणि मग ते जगावेत म्हणून मालकाच्या मागं लागते. शेतकी कॉलेजातून शिकून येऊन मी हा धंदा काढला तेव्हा वडील म्हणाले, "सगळा जिल्हा गवत उपटायला मजूर शोधतोय आणि तू लावायला निघालीस?" मला असा राग आला की त्या रागातच मी पहिलं काम मिळवलं.

ते काम सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांच्या बंगल्याचं. जैन कुटुंब. मुलं परदेशात, घरात काका आणि काकू दोघंच. बंगला मोठ्या रस्त्याला लागून आणि पुढची जागा अशी ऐसपैस की बघूनच माझे हात शिवशिवायला लागले. गवतानं जमीन धरली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा हिरवा रंग चढला, त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी राहून एकटीच हसत होते. समोरचा पानपट्टीवाला माझ्याकडं संशयानं बघायला लागला म्हणून निघाले.

त्या लॉनवर पाय ठेवायची कुणाला परवानगी नव्हती. हा काकूंचा नियम. पेपरवाल्यानं पेपर पायरीवर आणून द्यायचा, काकांनी कडेच्या फरशीवरून फेऱ्या मारायच्या. काकू स्वतःही फरशीवरच उभ्या राहून पाणी घालायच्या. "पाय द्यायचा नाही तर लावलं कशाला?" असं काका मला हळूच विचारायचे. मी म्हणायचे, "काका, मला काय विचारता, तुम्ही घरात विचारा." ते काही विचारायचे नाहीत.

काकांच्या परवानगीनं मी बंगल्याच्या भिंतीवर माझा बोर्ड लावला. मजकूर दिला होता 'लॉन्स व गार्डनची कामे'. पेंटरनं पहिला शब्द असा दणदणीत काढला की शेवटाला जागाच उरली नाही. मग त्यानं आपल्या अकलेनं 'ची कामे' गाळली. राहिलं काय, तर 'लॉन्स व गार्डन', खाली माझा फोन नंबर आणि मागं हिरवंगार मैदान.

मग एका दुपारी दुष्काळी आटपाडीहून फोन आला. बोलणाऱ्यांची डाळिंबाची बाग होती. सांगलीला येता-जाता त्यांनी लॉन बघितलं होतं.

"ताई, तुमचं लॉन लय झ्याक हाय बगा. माज्या पोरीचं लगीन हाय. वैशाखातली तारीख मोकळी हाय का?"

लग्नासाठी दारात लॉन करून घेणारी माणसं असतात. मी खूश झाले. म्हटलं, "आहे की. पण जागा बघावी लागेल."

"जागा बगितली की. पसंत हाय."

"पाणी भरपूर लागतं. पाणी तुमचं."

"आवं, आटपाडीतनं पाणी आणायचं?"

"मग काय मी आणू? पाण्याशिवाय काम होत नाही."

"बरं," ते जड आवाजात म्हणाले. "टँकर सांगतो. आन् वाढायला माणसं कुणाची?"

"वाढायला माणसं कशाला लागतात? आपोआप वाढतं."

"मंजी बुफे," ते म्हणाले. मला ऐकू आलं 'म्हणजे बरंय'. मी म्हटलं, हो.

त्याच सुमारास साताऱ्याहून एक रिटायर सुभेदार फोन करत होते. मूळचे म्हसवडकडचे. फौजेतून आल्यावर साताऱ्यात बंगला बांधला होता आणि त्याच्या चारी बाजूंनी लॉन करायचं त्यांच्या मनात होतं. एवढं मोठं काम मिळालं तर माझा धंदा धंदा म्हणवून घेण्यासारखा होणार होता. पण सुभेदारांची एकच गोष्ट पक्की होती. "म्याडम, आदी नमुना बगनार, मंग ऑर्डर. उगं बोलायचं काम न्हाई." माझ्याकडं दाखवायला एकच नमुना होता. मी त्यांना काकांच्या बंगल्याचा पत्ता दिला आणि त्यांनी वैशाखातला एक रविवार ठरवून टाकला.

मी आटपाडीच्या पाहुण्यांच्या फोनची वाट बघत राहिले. फोन आला नाही, ते स्वतःच आले. मी काकांच्या लॉनच्या कडा कापत बसले होते. फाटकातून धोतर-टोपीतले एक गृहस्थ आत आले, बाहेर चपला काढून. हातात नारळ आणि कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली लग्नपत्रिका. काकांना नमस्कार करून म्हणाले, "मालक, पयली पत्रिका देवाला, दुसरी तुमाला. आचारी उद्या चुली लावायची जागा बगून जाईल."

काकांनी पत्रिका वाचली आणि माझ्याकडं दिली. विवाहस्थळ म्हणून माझ्या बोर्डवरचे शब्द छापलेले होते, त्यापुढं सांगली. मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. बोर्डाचा घोटाळा समजावून सांगितला तेव्हा ते गृहस्थ पायरीवर मटकन बसले. पत्रिका आटपाडी, म्हसवड, कवठे महांकाळ, सगळीकडं वाटून झाल्या होत्या. ऐन हंगामात हॉल कुठं मिळणार? ते फक्त एवढंच म्हणाले, "आता पोरीला काय सांगू?"

मी म्हटलं, माझं चुकलं, मी दुसरी जागा शोधते. आणि मनात हिशोब केला की यांचं लग्न रविवारी आणि सुभेदार त्याच्या पुढच्या रविवारी. शेकडो माणसं इथं नाचून गेल्यावर मी त्यांना काय दाखवणार, चिखल? मी देवाची करुणा भाकत होते की काकू नाही म्हणू देत. ज्या बाईनं पेपरवाल्याला गवतावर पाऊल ठेवू दिलं नाही ती वऱ्हाड येऊ देईल का?

काकूंनी विचारलं, "मुलगी काय शिकली?"

"बीएस्सी झाली. आता मास्तरीन व्हायचं म्हनती."

"मग तिला काय सांगायचं, गवत खराब हुतंय म्हणून लगीन ऱ्हायलं?" काकू आत गेल्या, साखर घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या हातावर ठेवली. मग अटी सांगितल्या. चपला फाटकाबाहेर. जेवणात कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही. आणि आमच्या अंगणात सूर्य मावळल्यावर जेवण होत नाही.

"पर मुहूर्त गोरज हाय," वधूपिता म्हणाले.

"मग आधी जेवा."

दुसऱ्या दिवशी आलेला आचारी बटाट्याचं ऐकून इतका खचला की त्याला ताक द्यावं लागलं.

लग्नाच्या सकाळी फाटकासमोर आटपाडीचा टँकर येऊन उभा राहिला. काठोकाठ भरलेला. तिथून इथवर, कृष्णेच्या काठी, पाणी घेऊन. सांगलीकर रस्त्यात थांबून बघायला लागले. मी ड्रायव्हरला म्हटलं, परत न्या. वधूपिता म्हणाले, "न्हाई ताई, ठरलंय त्ये ठरलंय. पानी आमचं."

त्या दिवसाचं मला नीट सांगताच येत नाही, कारण मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळत होते. मांडवाच्या खांबांना पहारी मारू देईना म्हणून मांडववाले माझ्यावर चिडले होते. बँडवाल्यांना बूट काढायला लावले, त्यावर ट्रंपेटवाल्याचा अपमान झाला, मग गवत तळपायाला लागल्यावर तो इतका खुलला की थांबेचना. वऱ्हाडानं आधी पोटभर जेवून घेतलं आणि मग मुहूर्ताची वाट बघत सगळं गाव गवतावर आडवं झालं. म्हातारे लवंडले, बाया पाय पसरून बसल्या, पोरं कोलांट्या मारायला लागली. नवरदेवाचा मामा फेटा उशाला घेऊन घोरत होता, त्याला मंगलाष्टकांना हलवून उठवलं. काका हळदीचा मोठा डबा घेऊन ज्याला त्याला सांगत होते, "ही आमच्याकडून." सूर्य टेकला आणि अक्षता उधळल्या गेल्या. त्या धामधुमीत मी लॉनचं विसरून दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. इतका आनंद मला कधी झाला नव्हता आणि का होतोय तेही कळत नव्हतं.

वरात गेल्यावर मी गवत बघितलं. चपटं झालं होतं, पण मुळं सुटली नव्हती. टँकरमध्ये निम्मं पाणी शिल्लक होतं. काकू म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आणलेलं पाणी परत पाठवू नये," आणि ते सगळं लॉनवर सोडलं. मी गुरुवारपर्यंत रोज येऊन दाताळ्यानं गवत उभं केलं. हळूहळू ते मान वर काढायला लागलं आणि मी सुभेदारांना फोन करून सांगितलं, या.

रविवारी सकाळी गवत कापायचं मशीन घेऊन गेले. शेवटचा हात फिरवायचा, कडा नीट करायच्या. फाटक उघडलं आणि बघतच राहिले. लॉनभर कोवळे पोपटी कोंब उभे होते. जिथं बोहलं होतं तिथं तर पेरल्यासारखे दाट. एक उपटून बघितला. खाली कुंकवानं लाल झालेला दाणा.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडं, आटपाडी भागात, अक्षता ज्वारीच्या असतात. हे मला ठाऊक होतं, मी स्वतः त्या टाकल्या होत्या. पण त्या मातीत पडल्या, वर टँकर ओतला, म्हणजे काय झालं हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं. मी मशीन सुरू केलं.

"बंद कर," काकू पायरीवरून म्हणाल्या.

"काकू, सुभेदार येतील. पाच मिनिटांत कापून टाकते."

"अक्षता कापतीस?"

"ही ज्वारी आहे."

"त्या पोरीला दिलेला आशीर्वाद हाय. त्यावर मशीन फिरवायचं न्हाई." मी रागानं मशीन पुढं ढकललं. तेव्हा काकूंनी व्हरांड्यातली वेताची खुर्ची उचलली, फरशी ओलांडली आणि सरळ गवतावर चालत जाऊन बोहल्याच्या जागी खुर्ची टाकून बसल्या. काका नुसते बघत राहिले. मग हळूच त्यांनीही फरशीवरून एक पाय गवतावर ठेवला आणि तिथंच उभे राहिले, पोहायला उतरावं तसे.

नेमकं तेव्हाच सुभेदार आत आले. चकाकणारे बूट, इस्त्रीचा शर्ट. माझ्या हातात मशीन, समोर काकू आणि सगळीकडं ज्वारी. मला रडू यायला लागलं होतं. मी सगळं सांगून टाकलं, बोर्ड, पेंटर, टँकर, बटाटा. ते हात मागं बांधून ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच नाही. संपल्यावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले, कोंब चुकवत चुकवत मधोमध गेले आणि खाली बसून एक कोंब बोटानं हलवला.

"शाळू जवारी हाय," ते म्हणाले. मग तळहातानं आजूबाजूचं गवत दाबून बघितलं. "आन् ह्याच गवतावर सगळं वऱ्हाड बसलं?"

"झोपलंसुद्धा," काका म्हणाले.

सुभेदारांनी हाताची माती झटकली. मग काकूंकडं बघत म्हणाले, "माजी पोरगी नर्स हाय, लांब असती. दिवाळीनंतर तिचं लगीन. ती म्हनती, हॉल नगं, आपल्या दारात करा. तवापासनं लॉन लॉन करत फिरतोय मी. जो तो सांगतो, गवतावर मानसं बसवू नका." ते उठले आणि माझ्याकडं वळले.

"म्याडम, गवत तुमी लावा. जवारी आमची आमी टाकतो."