तीन घरं जुळत नाहीत

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. वाईचा माणूस मी, कृष्णेच्या घाटावर वाढलेला – पण तिथल्या पायरीवर एकट्यानं बसूनसुद्धा हे कधी तोंडून निघालं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्यावरही संशय घेतला असता – हा बाहेर बोलेल का, याला आधीच काही कळलंय का. ती सवय मला अजून आहे. ती कुठून लागली, तेवढं सांगतो.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात नवा अभ्यासक्रम निघाला होता. पदवी आणि त्यापुढची पदवी एकाच दमात, पाच वर्षांत. विषय शेतीचं अर्थशास्त्र, आणि जोडीला लोकसेवेची तयारी – ज्यांना जिरायत आणि बागायत यांतला फरक कळतो असे अधिकारी घडवायचे, अशी आमच्या विभागप्रमुख सरांची कल्पना. पदवी सगळ्यांना मिळणार होती. पण तीन वर्षांनंतर चाळणी होती. सरांच्या हाताखाली पुढं शिकायला जागा एकच, आणि त्या जागेच्या जवळ पोचलेले आम्ही दोघं. मी आणि आनंदा.

आनंदा कोरेगावकडचा. घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. आम्ही एकाच खोलीत राहायचो. सकाळी उठला की पांघरुणाची घडी अशी घालायचा, की जणू कुणी तपासायला येणार आहे. मला बाजरीचं आणि ज्वारीचं कोवळं रोप वेगळं ओळखता येत नव्हतं. ते त्यानं शिकवलं. बांधावर बसवून, हातात पान देऊन, न हसता. – हे मुद्दाम सांगतोय. तो माझा शत्रू होता असं तुम्हाला वाटू नये.

बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरा उन्हाळा होता. प्रत्येकानं एक गाव घ्यायचं, त्यातली पन्नास घरं, आणि प्रत्येक घराचा चार पानांचा तक्ता भरायचा. माणसं किती, जमीन किती, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, घरातलं धान्य कधीपर्यंत पुरतं. सरांनी मुद्दाम उलटं केलं. पाटाच्या पाण्यात वाढलेल्या आनंदाला आटपाडीच्या पुढचं कोरडं ठाक गाव, आणि मला कोरेगावजवळचं बागायती. आनंदाच्या गावाला लागूनच होतं ते.

त्या वर्षांत जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा सगळ्यांच्या डोक्यावर होता. हातात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे जमीन काढून घेणारा. मला दारातच विचारायचे, ‘‘कुनी धाडलंय तुमाला? नावं कशापायी लिवताय?’’ कुणी अर्धीच जमीन सांगायचं. कुणी कुत्रं सोडायचं. एकतीस घरं मी केली. उरलेली एकोणीस – हं, इथं थांबावंसं वाटतं. उरलेली एकोणीस मी वाईला घरी बसून भरली. मतदारयादीतून नावं घेतली आणि मनानं आकडे टाकले. छान, सुबक अक्षरात. तुम्ही म्हणाल, हाच गुन्हा. नाही. एवढाच असता तर मी इतकी वर्षं गप्प बसलो नसतो.

सांगलीला परत आल्यावर आनंदा माझे तक्ते चाळत होता. सहज. एका पानावर थांबला.

‘‘आरं, ह्या हिराबाईच्या घराला तर दोन वरसं कुलूप हाय. समदी पुण्याला गेल्यात.’’

तो थोडा हसला. मग म्हणाला, ‘‘असू दे,’’ आणि गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवून परत माझ्या टेबलावर ठेवला.

असू दे – म्हणजे काय? मित्र म्हणून सोडून दिलं? की मनात नोंद करून ठेवली? त्या दिवसापासून मला झोप नाही. तो सरांच्या खोलीकडं गेला की मी मोजायचो, किती वेळ आत आहे. बाहेर आला की त्याचा चेहरा बघायचो. तो नेहमीसारखाच वागायचा, आणि त्याचाच मला जास्त संशय यायचा. जागा एक, आम्ही दोघं, आणि माझं कुलूप त्याला ठाऊक. त्याच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं. म्हणजे तोही सांगणारच! माझं तर्कशास्त्र एवढंच होतं.

म्हणून मी आधी सांगितलं. डाव्या हातानं पत्र लिहिलं. आनंदानं आटपाडीकडचे तक्ते घरी बसून भरले आहेत, चौकशी व्हावी. खाली – एक हितचिंतक. वाईला जाताना साताऱ्यात गाडी बदलायची होती, तिथं पोवई नाक्यावरच्या पेटीत टाकलं. पेटीत हात घालून परत काढता येईल का, हेही बघितलं होतं. येत नव्हतं.

आठवड्यानं सरांनी मला बोलावलं. टेबलावर तेच पत्र. सर माझ्याकडं बघत राहिले – फार वेळ बघत राहिले. त्यांनी ओळखलं होतं का? आजही मला सांगता येत नाही. म्हणाले, ‘‘असली पत्रं मी फाडून टाकतो. पण जागेचा प्रश्न आहे. तू जाऊन ये. त्याच्या तक्त्यातली दहा घरं बघ. आणि हे त्याला बोलू नकोस.’’

विचार करा. चोरालाच पंच नेमलं.

विट्यावरून आटपाडी, पुढं एका मालट्रकमधून, आणि शेवटचे दोन मैल पायी. दहाही घरं मी पाहिली. काय सांगू – एक अक्षर चुकलेलं नव्हतं. एका म्हातारीच्या तक्त्यात लिहिलं होतं, शेळ्या चार, पैकी एक लंगडी. ती लंगडी शेळी माझ्यासमोर उभी होती. विहीर पौषात आटते असं लिहिलेलं, म्हातारीनंही तेच सांगितलं. तिनं मला ताक दिलं. त्या गावात, त्या उन्हाळ्यात, ताक! मला इथं कुणी कुत्रं सोडलं नाही. आनंदा आधी येऊन गेला होता ना. ‘‘त्यो पोरगा आमच्यात बसून भाकरी खाऊन गेला,’’ असं सगळेच सांगत होते.

मित्र खरा ठरला, याचा आनंद व्हायला हवा होता. मला धस्स झालं. कारण माझे तक्ते कुणी असे तपासले तर?

परतताना विट्याच्या स्टँडवर दोन तास गाडी नव्हती. तिथल्या बाकावर बसून मी अहवाल लिहिला. दहापैकी सात घरं जुळतात. तीन घरं जुळत नाहीत. – तीनच का? दहाही नाहीत म्हटलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. एवढा विचार मी केला होता. म्हातारीचं घर मी त्या तिनांत घातलं.

सरांनी आनंदाला बोलावून सांगितलं, तपासणी झाली आहे, तुला पुढं घेता येणार नाही. कुणी तपासलं ते सांगितलं नाही. मी खोलीत बसून वाट बघत होतो, की आता हा माझं कुलूपबंद घर बाहेर काढणार. त्यानं काढलं नाही. दोन दिवस कुठंतरी जाऊन आला, परीक्षा दिली, ट्रंक भरली आणि गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी अंग चोरलं.

जागा मला मिळाली. दोन्ही पदव्या मिळाल्या, लोकसेवेची परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली, आणि दशक संपायच्या आत मी सांगली जिल्ह्यात गटविकास अधिकारी झालो. तिथं हजेरीपटावर त्याचं नाव दिसलं. ग्रामसेवक म्हणून माझ्याच हाताखाली.

तो मला सगळ्यांसमोर ‘साहेब’ म्हणायचा. त्या शब्दात काही टोचणी आहे का, हे मी कान देऊन ऐकायचो. दुष्काळी कामावर येणाऱ्या घरांची यादी त्यानं आणली. मी ती फेरतपासणीला पाठवली. बरोबर आली. पुन्हा पाठवली, दुसऱ्या माणसाकडून. पुन्हा बरोबर. खरं सांगू? मला त्याचं एक घर खोटं सापडायला हवं होतं. एकच. मग मी सुटलो असतो.

ते सापडेना, तेव्हा मी त्याच्या बदलीची शिफारस तयार केली. पार जतच्या टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. कारण – प्रशासकीय सोय. त्याची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि त्याच्याजवळच राहत होती. हे मला माहीत होतं.

त्याला कसं कळलं कोण जाणे. दुपारच्या सुट्टीत शिपाई बाहेर गेल्यावर आत आला. खुर्चीवर बसला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मला ‘तू’ म्हणाला.

‘‘सरांनी काढलं त्याच आठवड्यात मी त्या गावात गेलतो. काय चुकलं ते बघाय. म्हातारी म्हनली, तुजा दोस्त लय चांगला हाय रं, तुज्यावानीच समदं इचारून गेला. अंगानं कसा, बोलतो कसा, समदं सांगितलं तिनं.’’

मी टेबलाकडं बघत होतो.

‘‘भांडाय न्हाई आलो,’’ तो म्हणाला. ‘‘आईला जतला न्हेता येत न्हाई. तेवढं बघ.’’

आणि गेला. धमकी नाही, आवाज चढवला नाही. म्हणजे खोलीत माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाही त्याला सगळं माहीत होतं.

शिफारशीचा कागद माझ्यासमोर होता. त्यावर सही झालेली नव्हती. तो फाडायला मला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मी विचार केला – इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस आज बोलला. उद्या आणखी कुणाजवळ बोलेल. तो इथं नसलेला बरा.

मी पेन उघडलं आणि सही केली. शिपायाला हाक मारून, तो कागद त्याच दुपारच्या टपालानं जाईल एवढं पाहिलं.

त्याची आई जतला गेली नाही. कोरेगावला त्याच्या भावाकडं नेली, आणि तिथं वारली तेव्हा आनंदा तिच्याजवळ नव्हता.