केळवणाची साडी

कार्तिकातला दुसरा रविवार, संध्याकाळी साडेसात. बारामतीत भिगवण रस्त्यावरचं एक चायनीज हॉटेल. बिल दोन हजार एकशे साठ रुपये. हजर पाच माणसं: मी, माझी बायको, माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याची बायको आणि त्यांची मुलगी. माझा मुलगा हजर नव्हता, पण आम्ही गेलो होतो ते त्याच्यासाठी.

मुलगा तेहतीस वर्षांचा आहे. काटेवाडीला आमची सहा एकर बागायत आणि चौदा गाई आहेत, ते सगळं तो एकटा बघतो. पाच वर्षांत सतरा मुली पाहिल्या. पंधरा घरांनी नकार दिला, दोन घरांनी तोही कळवला नाही. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, नोकरी कुठे आहे. दुसरा विचारायची वेळ येत नाही.

मित्र मूळचा वरकुट्याचा, आता इंदापुरात मास्तर. त्याची मुलगी पुण्यात नोकरी करते. लहानपणी सुट्टीत ती आमच्या घरी येऊन राहायची. घटस्थापनेच्या दिवशी मी मित्राला फोन केला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, तुझी मुलगी माझ्या मुलाला देतोस का. तो म्हणाला, "बसून बोलू." आमच्याकडे ज्याला नाही म्हणायचं असतं तो पत्रिका जुळत नाही म्हणतो. बसून बोलू म्हणजे निम्मं काम झालं, असं आम्ही धरलं. दिवाळी झाल्यावर त्याने जेवायला बोलावलं तेव्हा बायकोने चार हजार दोनशेची साडी घेतली, नारळ घेतला. मुलाला न्यायचं नव्हतं. तरी त्याने त्या दिवशी दुपारी दाढी केली.

टेबल गोल होतं, मधे फिरती काच. मित्राच्या बायकोने सगळ्यांसाठी मागवलं: मंचाव सूप, पनीर चिली, हक्का नूडल्स, ट्रिपल शेजवान. सगळं मधे ठेवलेलं, काच फिरवून ज्याचं त्याने घ्यायचं. माझ्या बायकोला ते जमत नव्हतं. तिने चमचा पुढे केला की कुणीतरी काच फिरवायचं आणि पनीर पुढे निघून जायचं.

"पळतंय व्हय, अक्का?" मित्राची बायको म्हणाली. "दमानं घ्या. आपल्याम्होरं थांबंल ते आपलं."

मुलीने उठून आम्हा दोघांना नूडल्स वाढल्या. लांब नूडल्स तिने दोन चमच्यांत धरून न सांडता वाढल्या. बायको कौतुकाने बघत होती. तिला राहवलं नाही. कुणी विषय काढायच्या आत तिने पिशवीतून साडी आणि नारळ काढून मुलीच्या ओटीत ठेवला.

मित्राच्या बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग साडीचा पदर उलगडून बोटांनी पोत बघितला.

"आत्ता गं बया. केळवणाची साडी घिऊन आलाय? तुमाला कुणी सांगितलं? दसऱ्यालाच सुपारी फुटली. जावई पुण्यात कंपनीत हायत. मार्गशीर्षात लगीन हाय."

लग्न ठरलेल्या मुलीला जवळची माणसं जेवू घालतात आणि कापड देतात, ते केळवण. बायकोचा हात अजून नारळावर होता. दिलेली ओटी परत घेता येत नाही. मी म्हणालो, "हो, केळवणाचीच."

मी मनात दिवस मोजले. घटस्थापनेला फोन, दसऱ्याला सुपारी. पुण्याचं जमलं नाही तर असावं म्हणून तेवढे दिवस आम्हाला राखीव ठेवलं होतं. नंतरचा महिनाभर तेवढंही नाही.

"फोनवर सांगायचंस," मी मित्राला म्हणालो.

तो नूडल्स काट्याला गुंडाळत होता. "फोनवर न्हाय म्हणाया जीव हुईना, गड्या. म्हणून तर बसून बोलू म्हणलं." मग हसला. "आता केळवण म्हणलं की बिल तुझ्याकडं लागलं."

तो विनोद होता, असं त्याला नंतर कधीही म्हणता येईल. बिल मी दिलं. त्याने बडीशेप घेतली.

आम्ही उठणार तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "भावजी, हिला सख्खा भाऊ न्हाय. कानपिळीला तुमचा लेक उभा करा. ल्हानपणापास्नं दादाच म्हणती ती त्याला."

मुलगी म्हणाली, "काका, सांगाल ना दादाला?"

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याच्याकडून मान घेतो. एकदा भाऊ म्हणून उभा राहिला की पुन्हा कधी कुणी म्हणू शकत नाही की या घरातून मागणी गेली होती. हे टेबलावरच्या पाचही जणांना कळत होतं. मी मुलाला न विचारता हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर नकार चारचौघांत उघडा पडला असता. माझी अब्रू मी मुलाच्या जिवावर राखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात जाऊन त्याला सांगितलं. तो गाईला दूध काढायचं मशीन लावत होता.

"ती स्वतः म्हणाली?" त्याने विचारलं.

"हो."

"दादा म्हणाली?"

"हो."

त्याने मशीन काढून शेजारच्या गाईला लावलं. मग म्हणाला, "तारीख सांगा. त्या दिवशी दूध घालायला माणूस बघावा लागंल."

लग्न इंदापुरात झालं. मुलगा नवा शर्ट घालून नवरदेवामागे उभा राहिला आणि त्याने कान धरला. फोटोवाल्याचं समाधान होईना. "जोरात, दादा, दिसू द्या," म्हणून त्याने तीन वेळा पिळायला लावला. तिसऱ्या वेळी कान लालभडक झाला आणि मांडव हसला. मित्र सगळ्यात मोठ्याने हसला. नवरी मान खाली घालून बसली होती. नवरदेवाच्या वडिलांनी शर्टपीस, टोपी आणि कानपिळीचा मान म्हणून रोख अकराशे एक रुपये माझ्या मुलाच्या हातात दिले.