बाबांच्या डुक्कर गाडीचा गियरबॉक्स

ज्या दिवशी बाबा गियर विसरले, त्या दिवसापासून मी माझ्याच वडिलांना घाबरायला लागले.

आज सकाळी बाबा गेले. घरीच, झोपेत.

फोन उचलायची ताकद नाही, म्हणून इथेच लिहितेय. कुणी रागावू नका.

बाबांनी भाईंदरच्या एका शेठची गाडी आयुष्यभर चालवली. गोल नाकाची, स्टिअरिंगलाच गियरचा दांडा असलेली. तिला सगळे डुक्कर म्हणायचे, बाबा मात्र ‘गाडी’ म्हणायचे. जणू जगात दुसरी नव्हतीच.

शेठच्या मुलांनी नवीन गाडी घेतली आणि ही बाबांना देऊन टाकली.

आमच्या सोसायटीत पार्किंग कुठलं? बाबांनी ती जवळच्या राई गावात, त्यांचे मित्र पदाकाका यांच्या घरामागे खाडीजवळ लावली. लावताना नेहमीसारखी पहिल्या गियरमध्ये टाकली. हँडब्रेकवर विश्वास ठेवणाऱ्याला ते ड्रायव्हर मानत नसत.

ती तिथे वर्षानुवर्षं राहिली. खारा वारा, उधाणाचं पाणी. गियरबॉक्स आतून गंजला आणि गाडी पहिल्यातच अडकली. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाची ही एवढीच चूक.

रिटायर झाल्यावर बाबांनी ठरवलं, गाडी बनवायची आणि गणपतीला स्वतः चालवत रत्नागिरीला जायचं.

पदाकाका म्हणाले, “न्हेस तं ने बाबा. माज्या कोंबऱ्या बसतान तिच्यान.”

चाकं फिरेनात, म्हणून क्रेनने उचलून काशीमीराच्या गॅरेजला नेली. ही २००६ ची गोष्ट.

त्याच आठवड्यात बाबा पलंगावर बसून मला हाताने हवेत गियर दाखवत होते. हा पहिला. हा दुसरा. हा तिसरा.

मग हात तसाच हवेत थांबला.

“रिव्हर्स कुठे असतो गं?”

मला वाटलं गंमत करतायत. मी हसले.

ते हसले नाहीत.

शांती नगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते काही माझ्या लक्षात राहिलं नाही. पुढचं वाक्य राहिलं. “गाडी हातात देऊ नका.”

आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजमधून फारुखभाईंचा फोन. “ताई, गियरबॉक्स खोल के देखा. अंदर पूरा सड गया है. दूसरी पुरानी गाडी के गियर डालने पडेंगे. बनाऊँ, या भंगार में दूँ?”

आई म्हणाली, “भंगारात घाल. गाडी बनली की ते बसणार. हायवेवरचा ट्रक काय तुझे वडील म्हणून थांबणार आहे?”

आईचं खरं होतं. मला रात्रंदिवस तोच ट्रक दिसायचा.

पण बाबा रोज सकाळी विचारायचे, “गाडीचं काय झालं?”

जेवलो का ते विसरायचे. आत्याचं नाव विसरले. हा प्रश्न मात्र विसरत नव्हते. नाही म्हटलं तर हा प्रश्नही जाईल, आणि प्रश्नामागोमाग माणूस. मला त्याची जास्त भीती वाटली.

मी फारुखभाईंना हो म्हटलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पार्ट मिळेनात, म्हणून काम महिनोन् महिने चाललं. मी मनातून खूश होते, आणि त्याचीही लाज वाटत होती. माझ्याकडे लायसन्स होतं, पण असला दांड्याचा गियर कधी हातात घेतला नव्हता. गाडी चालू झाल्यावर फारुखभाईंनी मला गुपचूप गॅरेजमागे चार चकरा मारायला लावल्या.

ठरलं होतं, मी बाबांना घेऊन गाडी न्यायला आले की चावी माझ्याकडे द्यायची.

पण फारुखभाई पडले जुन्या वळणाचे. घरातला मोठा माणूस समोर उभा असताना चावी पोरीच्या हातात कशी देणार?

“चाचा, लो. आपकी अमानत.”

बाबांनी चावी घेतली.

समोर काशीमीराचा नाका, ट्रकमागून ट्रक. बाबांच्या हातून चावी कशी काढून घेऊ? चार लोकांत? ज्यांनी मला सायकल शिकवली त्यांच्याकडून?

बाबा उजव्या दाराशी गेले. हँडलला हात लावला. रस्त्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

मग बॉनेटला वळसा घालून माझ्याकडे आले आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली.

“तू चालव. मला हा रस्ता ओळखीचा वाटत नाहीये.”

त्याच रस्त्यावरून ते जन्मभर गेले होते.

ते डावीकडे बसले. ती क्लीनरची जागा, तिथे ते कधीच बसायचे नाहीत. दार नीट लावलं. मग हळूच म्हणाले, “मला भीती वाटते गं.”

बाबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

“मला पण वाटते, बाबा.”

“मग बरंय. न घाबरणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मी बसत नाही.”

पदाकाकांच्या राईपर्यंत दुसऱ्या गियरमध्येच गेलो. मागचे सगळे हॉर्न मारत होते, शिव्या घालत होते. बाबा खिडकीतून हात काढून त्यांना ‘जा पुढे’ करत होते.

रत्नागिरी काही झाली नाही. पण तीन वर्षं, अगदी मला ओळखेनासे झाल्यावरही, रविवारी मी चावी दाखवली की ते उठून चपला घालायचे.

आज दुपारी शववाहिनीत मी पुढे बसले होते. ड्रायव्हर तरुण होता, त्याला घाई होती. खड्डा आला तरी स्पीड कमी करेना.

मी म्हटलं, “दादा, जरा हळू घ्या. मागे ड्रायव्हर आहेत.”

त्याने आरशात पाहिलं. मग गियर कमी केला.

सावकाश जा, बाबा.