टेम्पोत ठेवलेलं नाव

परवा शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला माझं बाळंतपण आठवलं. नव्वदच्या दशकात, हातकणंगल्याजवळच्या माझ्या माहेरी अशीच धुरी होती, शेगडी होती, खिडकीच्या फटीत कापडं कोंबलेली होती. दिवस भरण्याआधीच झालेली माझी लेक सहा दिवसांची होती आणि सकाळपासून रडलीच नव्हती. "लई गुणी हाय, कुणाला तरास न्हाय," आई येईल त्याला कौतुकानं सांगायची, आणि मीही सुखावायचे. दुपारी बाळंतिणींच्या घरोघरी फिरणाऱ्या समाजसेविका ताई आल्या. त्यांनी उलटा हात बाळाच्या तळपायाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढ्या उबंत पाय गार? ही गुणी न्हाय बाई, हिच्यात रडायचं बळ न्हाय." त्यांनी लेकीला माझ्या उघड्या छातीवर लुगड्यानं बांधलं, डेअरीचा टेम्पो थांबवला आणि आम्ही कोल्हापूरच्या दवाखान्याकडं निघालो. पंचगंगेच्या पुलावर मला तिचा श्वास जाणवेना. "हाक मार तिला," ताई म्हणाल्या. "बारसं कुठं झालंय? नावच न्हाय," मी रडत म्हणाले. "मग आत्ता ठेव की." सुचलं ते नाव मी दवाखान्याच्या दारापर्यंत ओरडत राहिले. गेल्या वर्षी ताईंच्या सत्काराला, शाल द्यायला माईकवरून तेच नाव पुकारलं. माझी उंच लेक वाकली, आणि ताईंनी शालीखालून उलटा हात काढून आधी तिच्या गालाला लावून बघितला.